शाळेच्या व्हरांड्यात झोळी का नको?



दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या हजेरीपटात दरवर्षी एकच चित्र दिसतं. मुलगे येतात, आणि तिसरी-चौथीतल्या दोन-तीन मुली गायब असतात. माझी शाळा जिल्हा परिषदेची आहे, छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्रीच्या बाजूला. आमच्याकडे हे दिवस कापूस वेचणीचे. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे आई सकाळी जी शेतात जाते ती दिवस मावळायलाच परत येते. धाकटं लेकरू तिच्यासोबत जातं, आणि त्या लेकराची झोळी हलवायला मोठी बहीण जाते.

गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी सलग नऊ दिवस आली नाही. दहाव्या दिवशी मीच शेतावर गेले. बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी होती. एका हातात झोळीची दोरी धरून आणि मांडीवर बालभारतीचं पुस्तक उघडून ही मुलगी खाली बसलेली. आईला मी दोन शब्द सुनावले. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, लेकराला कोन बघावं मग? भुईवर टाकू का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भुईवर मुंगळे असतात, विंचू असतो, कापसाच्या शेतात तर साप असतोच. झोळी ही आपल्या बायांनी शोधलेली फार शहाणपणाची वस्तू आहे. एक जुनं लुगडं आणि हातभर दोरी, खर्च शून्य. शहरात आता दुकानात हीच वस्तू ‘हॅमॉक’ म्हणून मिळते, बाल्कनीत टांगून लोक तिचे फोटो काढतात. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. 1492 साली कोलंबसची माणसं तिथे उतरली तेव्हा ते लोक सुताच्या जाळीत झोपताना त्यांना दिसले. सांगायचं एवढंच, की झोळीला मागास समजण्याचं काही कारण नाही.

मी त्या आईला म्हटलं, लेकरू शाळेत पाठवा, झोळी मी व्हरांड्यात बांधते.

आता माझी चूकही सांगते. व्हरांड्याच्या दोन लोखंडी खांबांमध्ये साधारण दहा फुटांचं अंतर आहे. घरातली एक गुळगुळीत पॉलिस्टरची साडी नेली आणि दोन्हीकडून ताणून, बाजेसारखी सपाट बांधली. दिसायला छान दिसत होती. तिसऱ्या दिवशी एका बाजूची गाठ सरकली आणि बाळ खाली आलं. झोळी जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर होती आणि खाली सतरंजीची घडी होती, म्हणून बाळाला काही झालं नाही. ते रडलंसुद्धा नाही. माझे हात मात्र दुपारपर्यंत थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आजी आली. तिने माझी साडी सोडून टाकली, स्वतःचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं आणलं आणि म्हणाली, “मॅडम, झोळीला पोट पाहिजे.”

या एका वाक्यात अख्खा विज्ञानाचा पाठ आहे, आणि तो मी खरंच घेतला. सामान मोजायचे हुकाचे दोन काटे आणले. दोरीच्या दोन टोकांना ते लावले आणि मधोमध दोन लिटर पाण्याची बाटली टांगली. मुलांना विचारलं, प्रत्येक काटा किती दाखवेल? सगळे म्हणाले एकेक किलो. दोरी सैल, जवळजवळ उभी होती तोवर उत्तर बरोबर आलं. मग टोकं लांब नेत दोरी ताणायला लागलो. काटे दीड किलोवर गेले, दोनवर गेले, मग तीनच्याही पुढे. बाटली तीच! मुलं वेडी झाली.

हिशेब असा, की दोरी आडव्या रेषेशी 30 अंशाचा कोन करते तेव्हा प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. कोन 15 अंशांवर आला की ताण जवळजवळ दुप्पट होतो, 10 अंशांवर तिपटीच्या जवळ. म्हणजे माझ्या त्या ‘छान’ झोळीत दहा किलोचं बाळ एकेका गाठीला सुमारे एकोणतीस किलोंनी ओढत होतं. दहा फुटांवरच्या खांबांसाठी सोपा नियम म्हणजे गाठ झोळीच्या पोटापेक्षा निदान तीन फूट वर हवी. एकाच फांदीला दोन्ही टोकं बांधली तर ताण कमी येतो, पण झोळी गरगर फिरते आणि तिचं तोंड मिटतं. म्हणून आजी तोंडाशी आडवी काठी घालते, म्हणजे कापड फाकलेलं राहतं, हवा लागते आणि बाळाचा चेहरा दिसतो.

आजीकडून शिकलेलं आणखी थोडं लिहून ठेवते, कारण हे डीएडच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कापड सुतीच घ्यावं. पॉलिस्टरची गाठ सरकते, शिवाय आत घाम येतो. कापड उजेडात धरून बघावं, विरलेलं असेल तर त्याचं फडकं करावं, झोळी नको. गाठ निरगाठ हवी, ओढली की सुटणारी सुरगाठ नको. झाड असेल तर निंब किंवा चिंच चालते, शेवगा कधीच नाही, त्याची फांदी काडकन मोडते. शेतात सकाळची सावली दुपारी तिथे नसते, हे झोळी बांधतानाच बघावं. फवारणी झालेल्या रानात तर बांधूच नये. आणि बाळ ठेवायच्या आधी तिच्यात मोठी वीट किंवा पाण्याचा हंडा ठेवून झुलवून बघावं. हे शेवटचं माझं, आजीचं नाही. आजी नुसता हाताने दाब देऊन सांगते.

झोळी आठवड्याला धुवावी, कडक उन्हात वाळवावी. दोरी फांदीला जिथे घासते तिथे रोज बोट फिरवावं, तुटायची सुरुवात तिथूनच होते.

बाळाची मान धरलेली नसेल तर झोळी नको. मान छातीवर वाकली की श्वास कोंडतो. झोप लांबली की बाळ कडक, सपाट अंथरुणावर उताणं ठेवावं, डॉक्टर हेच सांगतात. बाळ उठून बसायला लागलं की झोळीचे दिवस संपले. आणि मोठ्या मुलांसाठी तर मी फार कडक आहे. घरात बांधलेल्या साडीच्या झोक्यात सात-आठ वर्षांची मुलं गोल गोल फिरतात, साडीला पीळ बसतो आणि गळ्याला फास लागतो. अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. नागपंचमीचा झोका झाडाला, दोराचा, मोठ्यांच्या देखत. घरातली झोळी बाळ उठलं की वर गुंडाळून ठेवावी, म्हणजे पोरांच्या हाताला लागत नाही. हे मी परिपाठात दर महिन्याला सांगते.

पण झोळीपाशी कुणीतरी बसावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे नऊ वर्षांची मुलगी, हे मला मान्य नाही.

शाळेला भेट द्यायला आलेल्या एका साहेबांनी ती झोळी पाहिली आणि विचारलं, “मॅडम, ही शाळा आहे की पाळणाघर?” मी तेव्हा गप्प बसले. आता उत्तर देते. डीएडला असताना आपण सगळ्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर टीपा लिहिल्या आहेत. गुणांसाठी पाठ केल्या आणि विसरलो. 1945 साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. तिथे गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. धाकट्या भावंडांमुळे मोठ्या बहिणी अडकतात हे दिसल्यावर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. म्हणजे साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात होतं: दोन्ही.

आमच्या आवारात अंगणवाडी आहे. ताई मनापासून काम करतात. पण तिथे बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, त्याहून लहानांचं वजन होतं आणि घरपोच आहार मिळतो. (गंमत म्हणजे ते वजनही काट्याला झोळी लावूनच करतात.) 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची, अशी तरतूद लिहिलेली होती. कापसाचं शेत खासगी, त्यामुळे तिथे ती लागूच नव्हती. केंद्राच्या मिशन शक्तीत 2022 पासून ‘पालना’ नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच दिवसभर सांभाळण्याची. आमच्या गावात ती अजून आलेली नाही.

माझ्या उपायातही खोट आहे, ती लपवत नाही. झोळी व्हरांड्यात आली तरी बाळ रडलं की वर्गातून उठायची ती बहीणच. पहिल्या आठवड्यात गणिताच्या तासाला ती चारदा उठली. मग आजीने दुपारपर्यंत शाळेत बसायचं कबूल केलं, आणि तेव्हा कुठे मुलगी हातचा घेऊन वजाबाकी शिकली. म्हणजे लागणार आहे ते एक माणूस, आणि त्याला चार महिन्यांचं मानधन.

येत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावातल्या एका आजीने किंवा ताईने अंगणवाडीच्या शेजारच्या रिकाम्या खोलीत बसावं, मानधन ग्रामपंचायत आणि लोकवर्गणीतून द्यावं, आणि ‘पालना’साठी ठराव करून वर पाठवावा. झोळ्यांसाठी छताला दोन मजबूत कड्या गवंड्याकडून बसवून घ्यायच्या आहेत. लुगडी आम्ही तिघी शिक्षिका आणू, सुती.

ते बाळ आता चालतं. त्याची झोळी धुऊन, घडी करून शाळेच्या कपाटात ठेवली आहे. वेचणी पुन्हा तोंडावर आलीय, आणि तिसरीतल्या एका मुलीच्या घरी जूनमध्ये बाळ झालंय.