तिला आठवड्यातून काही तास मोकळे हवेत

साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. यातले बहुतेक जण घरीच सांभाळले जातात. मुलं परगावी असली की सांभाळायला उरतो तो जोडीदार, बहुधा बायको, तीही सत्तरीच्या आसपासची. नवऱ्याला आंघोळीला राजी करण्यातच तिची सकाळ जाते. दिवेलागणीला तो राहत्या घरातच ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढू लागतो, आणि रात्री तो जितक्या वेळा उठतो तितक्या वेळा तिलाही उठावं लागतं. स्वतःचं ब्लडप्रेशर तपासून घ्यायचं, तर तेवढ्या वेळापुरतं त्याला कोणापाशी बसवायचं? हा आजार पुरता बरा करणारं औषध आज नाही. अशा वेळी या बाईला हक्काची उसंत देणं हीच मोठी आरोग्यसेवा आहे, आणि ती द्यायची जबाबदारी सरकारने आणि महापालिकांनी घ्यायला हवी.

आज मदत मिळते ती इस्पितळाच्या दारात. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते प्रामुख्याने दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. डिमेन्शियाचा रुग्ण वर्षानुवर्षं दाखल न होताच आजारी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने या आजाराच्या जगभरच्या खर्चापैकी जवळपास निम्मा वाटा घरच्यांच्या बिनपगारी कष्टांचा आहे, आणि त्यातले ७० टक्के तास बायकांचे आहेत. हे कष्ट कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत, म्हणून ते फुकट आहेत असं आपण धरून चालतो.

‘नवऱ्याचं करणं हे बायकोचं कर्तव्यच’, असं यावर म्हटलं जाईल. ते ती करतेच आहे. पण झोप न मिळालेल्या माणसाकडून औषधाच्या वेळा चुकतात, आवाज चढतो, आणि त्याचा त्रास रुग्णालाच होतो. चोवीस तासांची बाई ठेवावी, तर तिचा पगार साध्या पेन्शनमध्ये बसत नाही. मधला मार्ग म्हणजे दिवसाचे काही तास रुग्णाला सांभाळणारं केंद्र. नव्या जागी रुग्ण बावरतो, हा त्यावरचा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच जागा, वेळ आणि माणसं दर वेळी तीच हवीत, आणि आजार फार वाढण्याआधीच तिथे येणं-जाणं सुरू व्हायला हवं.

त्यासाठी नव्या इमारती लागणार नाहीत. पुणे, नवी मुंबईसारख्या शहरांत ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत. जिथे दुपारी जागा मोकळी असते तिथे चार तास डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी ठेवता येतील. लागतील ते शिकवून तयार केलेले मदतनीस, कठडा असलेलं स्वच्छतागृह, आतून सहज न उघडणारं फाटक आणि ने-आण करणारी गाडी. यातली गाडी वगळून चालणार नाही, कारण रिक्षात बसायला तयार नसलेल्या नवऱ्याला ती एकटी केंद्रापर्यंत नेऊ शकत नाही.