सुट्टीतला कंदील आणि डझनाचा भाव

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये एक सदर हमखास येतं. 'मुलांसोबत करा सोप्या वस्तू', 'सुट्टीतला झटपट खाऊ'. घोटीव कागदाचा कंदील, पणत्यांवर नक्षी, बिनपाकाचे लाडू. नाताळला कापसाचा बर्फ लावलेलं झाड येतं आणि संक्रांतीला तिळगुळाचे दहा प्रकार. हे वाचताना मला दर वर्षी एकच प्रश्न पडतो. सोपं म्हणजे कोणाला सोपं? त्या प्रत्येक कृतीच्या शेवटी एक वाक्य न छापता सोडलेलं असतं: 'सामान आईने आधी आणून ठेवावं आणि पसारा आईने नंतर आवरावा.'

तरीही ही कात्रणं मी कापून ठेवते, हे आधीच कबूल करते. ती का ठेवते आणि त्यांचं काय करते, हेच मैत्रिणींना सांगायचं आहे.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून मी मुंबईतल्या एका वस्तीत काम करू लागले, त्याला नऊ वर्षं झाली. मारहाणीच्या तक्रारी, पोलीस चौकी, रेशनकार्ड, सरकारी दवाखाना, बचत गट, असा आमचा दिवस जातो. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांचा वर्ग सुरू केला. त्यामागे काही थोर विचार नव्हता. शाळा बंद झाली की बायका बैठकीला येईनाशा व्हायच्या. लहान मुलं कोणाजवळ ठेवायची? म्हणून बैठक एका खोलीत आणि मुलं शेजारच्या समाजमंदिरात. त्यांना गुंतवायला मी कात्रणांची फाईल बाहेर काढली.

पहिल्या दिवशी कंदील. सगळ्यात सोपा प्रकार घेतला. कागद मधोमध दुमडायचा, दुमडीच्या बाजूने एका बोटाच्या अंतरावर रेघा कापायच्या, वरच्या कडेला दोन बोटं जागा सोडायची, मग उलगडून गोल चिकटवायचा. खाली झिरमिळ्या, वर दोरा. मुलं कात्रीशी झगडत होती. सहावीतल्या एका मुलीने मात्र माझं सांगून व्हायच्या आत तीन कंदील कापून बाजूला ठेवले होते. रेघा पट्टीने आखल्यासारख्या. मी कौतुक करायला गेले तर तिने विचारलं, "ताई, डझनाला किती देणार?"

मी हसले. मुलं हसली नाहीत. त्यातल्या निम्म्या जणांना प्रश्न रास्त वाटला होता.

तिची आई ठेकेदाराकडून कंदिलाचा माल घरी आणते. गणपतीच्या आधीपासून काम सुरू होतं ते दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत. कापणं, दुमडणं, चिकटवणं, डझनाच्या हिशेबाने मजुरी. डिंक स्वतःचा. फाटलेला नग मजुरीतून वजा. शाळेतून आल्यावर ही मुलगी आईच्या शेजारी बसते, आणि सुट्टी लागली की सकाळपासूनच बसते. ज्या दिवसांत इतर घरांत 'मुलांना कंटाळा येतो, त्यांना काय करायला द्यावं' असं बोललं जातं, ते तिचे सगळ्यात जास्त कामाचे दिवस असतात. आमच्या वर्गात ती आली होती ती आई बैठकीला आली म्हणून.

संध्याकाळी मी घरी गेले. आईशी बोलताना माझा सूर बहुधा समजावणीचा असावा. त्या बाई हात न थांबवता म्हणाल्या, "तुमच्याकडे कापते तो छंद आणि माझ्याकडे कापते ती मजुरी, असंच ना? कागद तोच, हात तेच."

मला उत्तर सुचलं नाही. कायदा माहीत होता, पण तोही इथे फारसा उपयोगी पडत नाही. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली, पण एक दार उघडं राहिलं. शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीत मुलांनी घरच्यांना किंवा घरच्या धंद्याला मदत केली तर चालतं, काम धोकादायक यादीतलं नसलं म्हणजे झालं. 'सुट्टीत' हा शब्द कायद्यातच आहे. ठेकेदाराचा माल एकदा घरात आला की तोही घरचा धंदा दिसू लागतो. आणि घरी माल आणून काम करणाऱ्या बाईची तरी दखल कोण घेतं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अशा कामगारांसाठी १९९६ साली करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही.

'मुलीला कामाला बसवू नका' एवढं सांगून परत येणं मला सोपं होतं. पण तिच्या हातांनी होणारी चार डझनांची मजुरी त्या घरात कोण भरून देणार होतं? पुढच्या वर्षी आमच्या गटातल्या सात जणी मिळून ठेकेदाराकडे गेल्या. डिंकाचे पैसे तो देऊ लागला. भाव वाढवला नाही. आमचं भांडण अजून चालू आहे.

त्या मुलीला मात्र मी दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, "हा विकायचा नाही. तुला हवा तसा कर." ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग तिने एक वेडावाकडा, मासोळीच्या आकाराचा कंदील केला. एक कल्ला मोठा, एक लहान. तो त्यांच्या दाराशी लागला. दर वर्षी शेकडो कंदील त्या घरातून बाहेर जात होते आणि त्यांच्या दारात आजवर एकही लागला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

तिथून आमच्या वर्गाचा विचार बदलला. मुलांनी हाताने काही करणं चांगलंच. पण करताना कामाची वाटणी कशी होते, हे जर आपण पाहिलं नाही, तर घरात जे चालतं तेच आपण रंगीत कागदात गुंडाळून मुलांना देतो.

किल्ल्याचंच घ्या. विटा, दगड, फुटक्या कौलांचे तुकडे, वर ओलं पोतं, त्यावर चिखलाचा लेप आणि पेरलेले हळीव. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. याहून चांगला आणि बिनखर्चाचा खेळ मला माहीत नाही. पण वस्तीत किल्ला मुलग्यांचा असतो. पहिल्याच वर्षी एकाने अगदी सहज फर्मान काढलं, "मुली पाणी आणतील." त्यात दुष्टपणा काही नव्हता. पाणी कोण आणतं ते तो रोज बघत होता. त्यावर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "मग हिरकणीचा बुरूज कोण करणार?" गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. मुलगे गप्प झाले. तेव्हापासून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. पाणी आणणं, माती कालवणं, बुरूज, मावळे आणि शेवटी झाडलोट, जे नाव येईल ते काम. चिठ्ठीत झाडलोट आली की मुलग्यांची तोंडं उतरतात. मुलींची उतरत नाहीत, कारण त्यांना ते नवीन नसतं. मला मुलींच्या त्या शांत चेहऱ्यांचीच जास्त काळजी वाटते.

नाताळच्या सुट्टीपासून ३ जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीपर्यंत आमचा तिळगुळ चालतो. कृती सांगते, कारण गटांना उपयोगी पडेल. अर्धा किलो तीळ, पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो मऊ गूळ. चिक्कीचा गूळ घेऊ नये. तीळ आणि दाणे भाजून घ्यायचे, दाण्यांची सालं काढायची, दोन्ही खलबत्त्यात जाडसर कुटायचं. गूळ किसून त्यात मिसळायचा, वेलची घालायची, हाताला तूप लावून लाडू वळायचे. पाक नाही, त्यामुळे मुलांना भाजण्याची भीती नाही. भाजणं तेवढं मोठ्यांनी करायचं, कारण तीळ तडतडून अंगावर उडतात.

'मोठ्यांनी' म्हणजे पहिल्या वर्षी अर्थातच एका आईने. दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं की भाजायला एखादा बाप हवा. रिक्षा चालवणारे एक गृहस्थ आले. पहिले पाव किलो तीळ त्यांनी करपवले. ते कडू झाले, टाकून द्यावे लागले. मुलांना अतोनात आनंद झाला. आता ते दर वर्षी येतात आणि 'मंद आच, मंद आच' असं सगळ्यांना बजावतात.

सगळंच असं गोड झालं नाही. पाचवीतला एक मुलगा लाडू फार सुबक वळायचा. त्याच्या वडिलांनी येऊन त्याला सगळ्यांसमोर हाताला धरून उठवलं. "बायकी कामं शिकवता पोरांना?" मी पुष्कळ बोलले, घरी दोनदा जाऊन आले. उपयोग झाला नाही. तो मुलगा परत आला नाही. त्याची बहीण येत राहिली, कारण तिने लाडू वळायला शिकणं त्यांना चालत होतं.

आपल्याला हा प्रसंग किरकोळ वाटेल. पण सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. देशात घरचं बिनमोल काम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि पुरुषांमध्ये असं काम करणारेच मुळात शंभरात सत्तावीस. ही मोजणी वयाच्या सहाव्या वर्षापासूनची आहे. म्हणजे आमच्या वर्गातली मुलं त्या आकड्यांत आहेत. त्या बापाने हात धरून उठवलं तेव्हा आपला मुलगा कोणत्या रकान्यात बसवायचा, हे त्याने ठरवून टाकलं.

लाडू झाले की परात उरते. गुळाने माखलेली, चिकट. परात धुतल्याशिवाय लाडू मिळणार नाही, असा नियम मुलांनीच केला. आणि वाटताना घर वगळायचं नाही, हा दुसरा नियम. नवरा असलेल्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं आणि बाकीच्यांना दारातूनच रामराम, हा प्रकार आमच्या वस्तीतही आहे. मुलं मात्र घरांच्या ओळीने जातात. एका आजींनी लाडू हातात घेऊन विचारलं, "मला कसा काय?" मुलाला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "तुमचं घर मधे आलं म्हणून."

आमच्याच एका जुन्या कार्यकर्तीने मला बैठकीत टोकलं होतं. "तक्रारींचा ढीग पडलाय आणि तू कंदील काय चिकटवत बसलीस? सणांना नवं पाठबळ कशाला द्यायचं?" तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सण बायकांना राबवतात, हे खरंच आहे. पण सण वस्तीत होणारच आहेत. मुलं त्यातून श्रमाचे धडे घेणारच आहेत. ते धडे कोणी द्यायचे, एवढंच आपल्या हातात आहे. आणि तक्रार घेऊन आलेल्या बायका काय सांगतात? जेवण वेळेवर नव्हतं म्हणून मारलं, चहा गार होता म्हणून मारलं. असा नवरा काही पंचविसाव्या वर्षी अचानक तयार होत नाही.

म्हणून गटांना सुचवते. या हिवाळ्यात सुट्टीचा वर्ग जरूर घ्या. सामानाची वर्गणी आयांच्या पिशवीतून नको, गटाच्या खात्यातून काढा, नाहीतर बापांकडून मागा. कामं चिठ्ठ्यांनी वाटा. आवरणं हा वर्गाचाच भाग धरा, वेळ संपायच्या अर्धा तास आधी सुरू करा. जी मुलं घरी मजुरीचं काम करतात त्यांना तेच काम खेळ म्हणून देऊ नका, आणि दिलंत तर विकायचं नाही असं काहीतरी त्यांना करू द्या. वेळापत्रकात एक तास अगदी रिकामा ठेवा. काहीही न करण्याची सुट्टी ज्या मुलींना कधी मिळाली नाही, त्यांना तीही हवी असते.

ती सहावीतली मुलगी आता अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत तिला आम्ही वर्ग सांभाळायला बोलावलं. लहान मुलांना कंदील शिकवायचा होता. कामाला हात लावण्याआधी तिने विचारलं, "ताई, मानधन किती?"

या वेळी मी हसले नाही. बैठकीत विषय ठेवला, रक्कम ठरली आणि वहीत लिहिली.