पेरणी जूनमध्ये, फेलोशिप कधी?

मोसंबीचा रस काढला की उभ्या उभ्या पिऊन टाकावा लागतो. तासा-दोन तासांनी तो कडवट लागतो, हे छत्रपती संभाजीनगरातला कुठलाही ज्यूसवाला सांगेल. दोष त्याच्या मशीनचा नसतो. फळात कडू नसलेले एक द्रव्य रस निघाल्यावर, आम्लाशी गाठ पडली की हळूहळू लिमोनिनमध्ये बदलते आणि लिमोनिन कडूजहर असते. एवढ्याशा रसायनशास्त्रापायी पैठण, अंबड, बदनापूरच्या मोसंबीवर बाटलीबंद रसाचा धंदा सहजी उभा राहत नाही. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पाचोडच्या बाजारात ती अजून ताजे फळ म्हणूनच विकावी लागते आणि आवक वाढली की भाव गडगडतो.

हा कडूपणा कमी करण्याचे उपाय जगात आहेत. इथल्या फळाला कोणता लागू पडेल आणि पैठणच्या एखाद्या लहान प्रक्रिया उद्योगाला तो परवडेल का, हे मात्र इथेच कुणीतरी बसून तपासायला हवे. परभणीत 1976 पासून अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. खुद्द संभाजीनगरच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. पैठण तालुक्यात वाहेगाव-धनगावला 2018 मध्ये मेगा फूड पार्कचे उद्घाटन झाले. इमारती आहेत, यंत्रे आहेत, मोसंबी तर आहेच. प्रयोगशाळेत दोन वर्षे रसाचे नमुने मोजत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या मेसचे पैसे कोण भरणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि नेमका तोच सुटलेला नाही.

समजा, पैठण तालुक्यातल्या कोरडवाहू पाच एकरवाल्या घरातली एक मुलगी बीएस्सी कृषी होऊन एमएस्सीला परभणीत आली. फीचा भार आता पूर्वीइतका नाही. आरक्षित प्रवर्गांना शुल्कसवलत आहे, आणि 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरते. पण फी हा खर्चाचा एक तुकडा झाला. वसतिगृह, मेस, प्रवास, नमुन्यांची तपासणी, निंदणीला एखाद-दुसरी बाई लावावी लागली तर तिचा रोज, शेवटी प्रबंधाची छपाई आणि बांधणी. त्याच दोन वर्षांत वर्गातली दुसरी मुले बँकेची कृषी अधिकारी पदाची परीक्षा देतात, नाहीतर संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून एमपीएससी करतात. घरातून फोन येतो, तो पिकाच्या प्रयोगाचे काय झाले हे विचारायला येत नाही.

पैसा कुठून मिळू शकतो? भारतीय कृषी संशोधन परिषद, म्हणजे आयसीएआर, देशपातळीवरची प्रवेश परीक्षा घेते. तिच्यात वरच्या क्रमांकावर आलेल्या मोजक्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी महिना 12,640 रुपये मिळतात. जे स्वतःचे राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिकायला जातात, त्यांच्यासाठी महिना 5,000 रुपयांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. हुशार मुलांनी देशभर फिरावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण मोसंबीची फळगळ अभ्यासायला मोसंबीच्या पट्ट्यातच राहावे लागते. राज्याच्या कोट्यातून परभणीत शिकणाऱ्या मुलीच्या हाती यातले बहुधा काहीच लागत नाही. पुढे तिने कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची ‘नेट’ काढली, तरी त्या परीक्षेला फेलोशिप जोडलेली नाही. प्राध्यापकीची पात्रता तेवढी मिळते. विज्ञान शाखेतल्या तिच्या मैत्रिणीने सीएसआयआरची ‘नेट’ वरच्या गुणांनी काढली तर तिला जेआरएफ ही फेलोशिप मिळते, जिचा दर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. एकच बस, एकच मेस, दोन ‘नेट’.

राज्य सरकारचा पैसा मुख्यतः पीएचडीच्या टप्प्यावर येतो, तोही सामाजिक गटांच्या संस्थांमार्फत: बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय. या संस्थांनी पहिल्या पिढीतल्या अनेक संशोधकांना उभे केले आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्यांचा कारभार मुलांच्या संयमाची परीक्षा घेणारा आहे. बार्टीच्या 2021 च्या तुकडीतल्या 861 जणांना सरसकट फेलोशिप मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसावे लागले. डिसेंबर 2023 मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीसाठी घेतलेल्या पात्रता परीक्षेत चक्क 2019 च्या सेट परीक्षेचा पेपर आला. ती रद्द झाली. 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा झाली, तर काही संचांच्या प्रश्नपत्रिकांना सीलच नव्हते, आणि मुलांनी बहिष्कार घातला. एखाद्या तलाठ्याच्या परीक्षेत असे झाले असते तर राज्य पेटले असते. इथे ते दोन दिवसांच्या बातमीवर भागले.

त्याच डिसेंबरात नागपूरच्या विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपची चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. त्यावर गदारोळ झाला आणि त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. शब्द बोचरे होते. पण तो सवाल गावोगावच्या पारावरही विचारला जातो, म्हणून त्याला नुसत्या निषेधाने उत्तर होत नाही.

उत्तर जुने आहे आणि थोडे गमतीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाल सरकारने तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टरच्या कृषी महाविद्यालयात पाठवले. त्यातले एक होते द्विजेंद्रलाल राय. शेतीशास्त्र शिकून आले आणि डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. पुढे ‘शाहजहान’, ‘चंद्रगुप्त’सारखी नाटके लिहून अजरामर झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी खासेराव जाधवांना त्याच सिरेन्सेस्टरला धाडले, तेही परतल्यावर संस्थानच्या कारभारात शिरले. बंगाली रंगभूमीचे भले झाले, भाताच्या शेताचे किती झाले कोण जाणे. शिष्यवृत्ती होती, माणसे हुशार होती. परत आल्यावर त्यांच्यासाठी शेतीत काम तयार नव्हते, म्हणून ती कचेरीत गेली. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसलेला कृषी पदवीधर आज त्याच वाटेने चालला आहे. विद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि मग संशोधन करून काय दिवे लावणार असे विचारायचे, हे जरा विचित्रच.

दिवे लागतात तेव्हा ते कसे दिसतात, हे बघायचे तर संभाजीनगरहून जालना रस्त्याने बदनापूरला जावे. तिथल्या कृषी संशोधन केंद्राचा ‘बीडीएन 711’ हा तुरीचा वाण मराठवाड्यात पुष्कळांच्या शेतात आहे. जुन्या वाणांची तूर सहा महिन्यांच्या पुढे जाते आणि शेंगा भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते. 711 साधारण 150 ते 155 दिवसांत काढणीला येतो. पाण्याने दगा देण्याआधी हातात पडतो. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी 2018 ची. तिच्या दाण्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त आहे, नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरेच जास्त. भाकरीतून लोह मिळणे, ही रक्तक्षयाने पिवळ्या पडलेल्या बायकांच्या प्रदेशात लहान गोष्ट नाही. असा वाण एका हंगामात होत नाही. संकर, निवड, पुन्हा निवड, ठिकठिकाणच्या चाचण्या यांत आठ-दहा वर्षे जातात, आणि त्या वर्षांत भर उन्हात ताटे मोजायला, कणसांना पिशव्या बांधायला कुणीतरी लागते. विद्यापीठांत हे काम बरेचसे पदव्युत्तर विद्यार्थी करतात.

यावर एक हमखास आक्षेप येतो: हे खासगी कंपन्या करतील. जालन्यात 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे उद्योग काय करू शकतो हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. पण कंपनी संकरित कपाशीत पैसा घालते, कारण शेतकऱ्याला ते बी दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. तुरीचा सरळ वाण एकदा नेला की शेतकरी घरचे बी राखतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. त्यात कंपनीला फारसे उरत नाही. शेतकऱ्याला मात्र त्यातच सगळ्यात जास्त उरते. म्हणून सरकारी पैसा घालायचा तर तो इथे.

आणि तो वेळेवर. बाकीच्या विषयांत फेलोशिप तीन महिने उशिरा आली तर उधारी वाढते, वाचनालयातले पुस्तक जागच्या जागी राहते. शेतीत तसे नाही. आंबिया बहारासाठी मोसंबीचे पाणी तोडून ताण द्यायचा तो डिसेंबर-जानेवारीत. झाडे निवडून खुणा करायच्या त्याच्या आधी. ती वेळ गेली की पुढचा आंबिया वर्षाने. खरिपाचा प्रयोग जूनमध्ये पेरला नाही तर जुलैत पेरून चालत नाही, निष्कर्षच बदलतो. एमएस्सीची मुदत दोन वर्षे, त्यात पहिले सहा-आठ महिने अभ्यासक्रमाचे. म्हणजे प्रयोगासाठी हातात येतात जेमतेम एक-दोन हंगाम. प्रगती अहवाल, हजेरीपट, उपयोगिता प्रमाणपत्र आणि ‘निधी उपलब्ध होताच’ या चार मुक्कामांवर थांबत थांबत येणारा पैसा दिवाळीत पोहोचला, तर सोयाबीन तोवर काढून झालेले असते. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केली. त्या वर्षी त्यांचा अभ्यास करायचा तर जुलैतच शेतात उतरायला हवे होते.

शिष्यवृत्तीची मुदत आणि कामाची मुदत यांची फारकत झाली की काय होते, हे ज्या शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे त्या शहराला वेगळे सांगायला नको. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर महिना साडेअकरा पौंडांत ते कोलंबियाला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. परतल्यावर 1918 मध्ये त्यांनी जो निबंध छापला तो भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यांवरचे उपाय या विषयावर होता. शेतीचे दुखणे तुकड्यांपेक्षा तिच्यावर पोसल्या जाणाऱ्या जादा माणसांत आणि भांडवलाच्या तुटवड्यात आहे, असा त्याचा रोख. लंडनचा अभ्यास पुरा करायला त्यांना 1920 मध्ये स्वतःची शिल्लक आणि मित्राची उसनवारी घेऊन पुन्हा जावे लागले. बाबासाहेब होते म्हणून परत गेले. पैठण तालुक्यातली ती मुलगी जाईलच असे नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याची एक फेलोशिप योजना आहे, तिच्या नावातच ‘राष्ट्रीय गरज’ हे शब्द आहेत. अन्न आणि शेतीच्या कोणत्या शाखांत तज्ज्ञ कमी पडताहेत हे आधी जाहीर होते, मग विद्यापीठे त्या विषयांसाठी अर्ज करतात, आणि एमएस व पीएचडी दोन्ही टप्प्यांवरच्या विद्यार्थ्यांना पैसा मिळतो. अमेरिकेचे सगळे उचलावे असे नाही. पण आधी गरज ठरवायची, मग माणूस शोधायचा, हा क्रम मराठवाड्याला उपयोगी आहे. गरजांची यादी करायला समिती नेमायचीही गरज नाही: मोसंबीची फळगळ आणि रसाचा कडूपणा, गुलाबी बोंडअळी, गोगलगाय, सोयाबीनचा पिवळा मोझॅक, अतिवृष्टीत टिकणारी तूर. केंद्रेही आहेत. शहरातल्या हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, बदनापूरला कडधान्ये, नांदेडला कापूस, अंबाजोगाईला सीताफळ. पैठण रस्त्यावर 1980 पासून ‘वाल्मी’ पाणी आणि जमिनीचे व्यवस्थापन शिकवते आहे.

खर्च? दरवर्षी शंभर एमएस्सी आणि एमटेक विद्यार्थ्यांना दोन वर्षे महिना 12,000 रुपये द्यायचे ठरवले तर एका तुकडीचे होतात 2 कोटी 88 लाख. डिसेंबर 2017 मध्ये बोंडअळीने कपाशी गेल्यावर सरकारने कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपयांची मदत जाहीर केली होती. त्या दराने 2 कोटी 88 लाख म्हणजे साडेनऊशे हेक्टरांचीही भरपाई नाही. एका मोठ्या गावाच्या शिवारात बसेल एवढी कपाशी.

हा पैसा बार्टी-सारथीच्या पैशातून कापून देऊ नये. तसे झाले तर दोन गरजूंना एकमेकांशी भिडवल्यासारखे होईल. तो कृषी खात्याच्या अंदाजपत्रकातून यावा, पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेने वाटावा, आणि विद्यापीठातले आरक्षण त्याला लागू असावे. बदल्यात विद्यार्थ्याकडून एक बंधन घेता येईल: पदवीनंतर वर्षभर त्याच केंद्रावर किंवा कृषी विज्ञान केंद्रात पगारी काम. बडोद्यानेही बाबासाहेबांकडून दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतला होता. इथे मात्र सरकारलाही एक अट घालावी लागेल. मृग लागतो 7-8 जूनला. पहिला हप्ता 31 मेच्या आत विद्यार्थ्याच्या खात्यावर, आणि आंबियाचा प्रयोग करणाऱ्यांसाठी दुसरा नोव्हेंबर संपायच्या आत. उशीर झाला तर व्याजासकट.