रद्दीत घालण्यापूर्वी पान उलटा



बियाणे घेताना आपण पिशवीवरची चिठ्ठी वाचतो. जुने पुस्तक विकताना मात्र पान न उलटताच तराजूत घालतो.

परवा एका घरी माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्यासाठी खाली काढली होती. वरच वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. कॉलेजात जाणारी नात म्हणाली, “आजोबा, थांबा जरा.” तिने मोबाईलवर साहित्य अकादमीचे संकेतस्थळ उघडले. तिथे १९५५ पासूनच्या पुरस्कारांची भाषावार यादी आहे. १९६० साली मराठीचा पुरस्कार ‘ययाति’ला! पुढे १९७४ चे ज्ञानपीठही खांडेकरांना मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले.

मग आम्ही मुद्रणाचे पान पाहिले. संग्राहक पहिल्या आवृत्तीला मोल देतात. ‘ययाति’ची पहिली आवृत्ती १९५९ ची. ही प्रत नंतरची निघाली. पण आतल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या वडिलांचे अक्षर होते : ‘गूळ विकला, कोल्हापुरात घेतली.’ आजोबा काही बोलले नाहीत. ट्रंक परत माळ्यावर गेली.

तेव्हा एवढे करा. आवृत्ती व साल पाहा, नाव यादीत शोधा. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ओल व वाळवीपासून पुस्तके जपा. ट्रंक भिंतीला टेकवू नका, अधूनमधून उघडून पाहा. नुसते वाचायचेच असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक ग्रंथ मोफत मिळतात.

पण वडिलांचे अक्षर मोबाईलवर मिळत नाही. ते माळ्यावरच असते.