अ‍ॅम्प घेऊ का? थांबा, आधी दोन आकडे बघा

मागे एकदा माझ्या मावसभावाचा मेसेज आला. "दादा, आठ हजार जमलेत. पाचचा अ‍ॅम्प आणि तीनचे हेडफोन घेऊ का? गेमिंग पण होईल, गाणी पण." पठ्ठ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. मी एकच विचारलं, "आत्ता आवाज कमी पडतोय का?" उत्तर आलं, "नाही रे दादा, साठ टक्क्यांवरच ठेवतो. पण व्हिडिओत सगळे म्हणतात, अ‍ॅम्पशिवाय मजा नाही."

हा घोळ फक्त त्याचा नाही. मर्यादित बजेटमध्ये सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या डब्यावर जातो. म्हणून आज जरा हिशोब मांडून बघू.

हा बाजार आला कुठून?

सप्टेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक काढला. हळूहळू बऱ्याच अँड्रॉइड कंपन्यांनीही तेच केलं. मग वायरवाला हेडफोन लावायचा तर डोंगल हवं. या छोट्या डोंगलमध्ये दोन गोष्टी असतात: डिजिटल आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा डॅक, आणि त्या लहरीला हेडफोन चालवण्याइतकी ताकद देणारा अ‍ॅम्प. म्हणजे डोंगल घेतलं की तुम्ही अ‍ॅम्प घेतलेलाच असतो!

त्याआधी एक भारी गोष्ट घडली होती. २०११ मध्ये नाव न सांगणाऱ्या एका इंजिनिअरने 'ओ२' नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचं संपूर्ण डिझाइन मोजमापांसकट सगळ्यांसाठी खुलं केलं. महागड्या अ‍ॅम्पइतकाच स्वच्छ आवाज साध्या, स्वस्त पार्ट्समधून मिळतो, हे त्याने आकड्यांनी दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी तो इंटरनेटवरून गायब झाला. पण मुद्दा लोकांच्या डोक्यात बसला. पुढे चिनी कंपन्या या धंद्यात जोरात उतरल्या, चिप स्वस्त झाल्या, आणि आज अ‍ॅपलचं साधं डोंगलही मोजमापात इतकं स्वच्छ निघतं की त्यातला दोष कानाला कळणं कठीण.

थोडक्यात, स्वच्छ अ‍ॅम्प हा आता बऱ्यापैकी सुटलेला प्रश्न आहे. सुटलेल्या प्रश्नावर पाच हजार कशाला घालायचे?

ते दोन आकडे

हेडफोनच्या बॉक्सवर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर दोन आकडे सापडतात. एक इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलिवॉट पॉवर दिली तर किती डेसिबल आवाज येतो. फक्त पहिला आकडा बघून "२५० ओहम? अ‍ॅम्प लागणारच" असं म्हणणं अर्धवट आहे. दोन्ही मिळून बघायचं.

उदाहरण घेऊ. एक व्होल्ट देणारं डोंगल धरा.

- ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स: ३५ ओहम, ९८ डेसिबल. एका व्होल्टला साधारण २८ मिलिवॉट मिळतात, म्हणजे जवळपास ११२ डेसिबल.
- बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहमचं मॉडेल: ९६ डेसिबल. एका व्होल्टला ४ मिलिवॉट, म्हणजे १०२ डेसिबल.
- सेनहायझर एचडी ५६०एस: १२० ओहम. इथे कंपनीच एका व्होल्टला ११० डेसिबल असं सांगते.

आता आपल्याला लागतात किती? आपण आरामात ऐकतो तो सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास असतो. गाण्यातला ढोलाचा ठोका किंवा गेममधला स्फोट त्यावर १५-२० डेसिबल जातो. म्हणजे ९५ च्या आसपास काम भागतं. 'अवघड' म्हणून बदनाम असलेला २५० ओहमचा हेडफोनही कागदावर पास होतो.

आणखी एक गंमत. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. त्यामुळे १०० मिलिवॉटऐवजी २०० मिलिवॉटचा अ‍ॅम्प असं जाहिरातीत दिसलं तर एवढंच समजायचं, ३ डेसिबल.

एक सावधगिरी मात्र घ्या. अ‍ॅपलचं डोंगल काही अँड्रॉइड फोनवर मुद्दामच कमी आवाज देतं. अँड्रॉइड असेल तर दुसऱ्या कंपनीचं बघा. दोन व्होल्ट देणारी डोंगलही मिळतात. तिथे वरच्या प्रत्येक आकड्यात ६ डेसिबल मिळवा.

मग अ‍ॅम्प कधी घ्यायचा?

व्हॉल्यूम शंभर टक्के करूनही आवाज कमी पडत असेल तर. काही प्लॅनर हेडफोनची सेन्सिटिव्हिटी खूपच कमी असते, तिथे ताकद लागते. आणि एकाच वेळी अनेक साधनं जोडायची असतील, हाताशी व्हॉल्यूमची मोठी गोल कळ हवी असेल, तर सोय म्हणून घ्या. पण सोय म्हणून, आवाज सुधारेल म्हणून नाही.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या नोकरीत लॅपटॉपच्या जॅकमधून सतत बारीक खरखर यायची, चार्जर लावला की जास्तच. मी हौसेने टेबलावर ठेवायचा अ‍ॅम्प आणला आणि त्याच जॅकला जोडला. काय झालं? गाणं मोठं झालं, खरखर पण मोठी झाली! अ‍ॅम्पला काय, जे आत येतं ते मोठं करायचं. दोष लॅपटॉपच्या आतल्या डॅक आणि सर्किटमध्ये होता. शेवटी हजाराच्या आतल्या यूएसबी डोंगलने काम झालं, कारण रूपांतर लॅपटॉपच्या बाहेर व्हायला लागलं. अ‍ॅम्प नंतर वर्षभर धूळ खात पडला.

गेमिंगसाठी खरं काय महत्त्वाचं?

पहिलं, माइक. बरेच टेबलावरचे अ‍ॅम्प माइक घेतच नाहीत. काही डोंगल घेतात, काही नाही. पीसीला माइक आणि हेडफोनचे वेगळे जॅक असतील तर स्प्लिटर लागतो. ऑर्डर करण्याआधी हे तपासा, नाहीतर टीममध्ये तुम्ही मुके.

दुसरं, वायर. साध्या ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. शिवाय माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये आवाज एकदम फोन कॉलसारखा होतो. कमी बजेटमध्ये वायरच राजा.

तिसरं, '७.१ सराउंड'चा शिक्का. हेडफोनमध्ये सहसा डावा-उजवा असे दोनच ड्रायव्हर असतात, बाकी सगळी सॉफ्टवेअरची करामत. व्हॅलोरंटमध्ये ही सोय एचआरटीएफ नावाने २०२१ पासून आतच आहे. ती चालू असताना हेडसेटचं सराउंडही चालू ठेवलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते, आणि पावलांची दिशा कळण्याऐवजी गोंधळ वाढतो. एकच चालू ठेवा.

चौथं, तुमची खोली. ओपन-बॅक हेडफोनचा आवाज मोकळा वाटतो, गेमसाठी त्यांची शिफारसही खूप होते. पण डोक्यावर फॅन गरगरतोय, बाजूला रूममेट झोपलाय, बाहेर कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, अशा खोलीत बाहेरचा आवाज आत आणि आतला बाहेर. मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवणार. अशा ठिकाणी क्लोज्ड-बॅक किंवा चांगले इन-इअर बरे.

आता कानांचं बोलू

मार्च २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने व्हिडिओ गेम आणि ई-स्पोर्ट्ससाठी सुरक्षित श्रवणाचं जागतिक मानक जाहीर केलं. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. त्यामागचं गणित सोपं आहे: आठवड्याला ८० डेसिबल असेल तर ४० तास, ९० असेल तर ४ तास, आणि १०० असेल तर जेमतेम २० मिनिटं. रोज रात्री दोन तास मोठ्या आवाजात खेळणाऱ्याचा आठवड्याचा कोटा मंगळवारी-बुधवारीच संपतो.

हा विरोधाभास लक्षात घ्या. बाजार आपल्याला आणखी पॉवर विकतोय, आणि आपल्याला गरज आहे ती कमी आवाजात स्पष्ट ऐकू येण्याची. ते काम अ‍ॅम्प करत नाही. कानावर नीट बसणारं पॅड आणि बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन करतो. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. त्यांचा कुठला स्पेअर पार्ट लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही.

आठ हजारांचं काय झालं?

माझा नियम असा: बजेटचा तीन-चतुर्थांश भाग हेडफोनवर, थोडा माइकवर, उरलेला गरज असेल तरच डोंगलवर. महाग म्हणजे चांगलाच, असंही धरू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजले गेले, आणि किंमत व फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात संबंध सापडला नाही. शक्य असेल तर स्वतः घालून, ऐकून घ्या. आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं, ते वापरून बघा. त्याने आवाजात जो फरक पडतो, तेवढा पाच हजारांच्या अ‍ॅम्पने पडणार नाही.

भावाने शेवटी बऱ्यापैकी क्लोज्ड-बॅक हेडफोन, एक क्लिपवाला माइक आणि स्प्लिटर घेतला. डोंगल घेतलंच नाही, कारण त्याच्या लॅपटॉपचा जॅक स्वच्छ निघाला. वर पैसेही उरले. परवा विचारलं तर म्हणाला, "दादा, आता चाळीस टक्क्यांवर सगळं ऐकू येतं."

मला वाटतं, त्या साठाचे चाळीस झाले हीच खरी कमाई.