शेवटचा दगड दुसऱ्याच्या हाती

बर्फाशी माझा संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता. त्यामुळे बर्फावरून दगड सरकवण्याचाही एक खेळ असतो, त्याला कर्लिंग म्हणतात आणि त्यात ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळते, हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसूच आले. गोट्या आणि विटी-दांडू खेळत वाढलेल्या माणसाने खरे तर हसायला नको होते! पण त्या खेळातल्या एका बाईची हकीकत वाचली आणि हसू ओसरले. ती बाई म्हणजे स्कॉटलंडची ऱ्होना मार्टिन.

खेळ दिसायला साधा. सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी आणि तिच्या टोकाला वर्तुळे. संघात चौघे, प्रत्येक डावात प्रत्येकाने दोन दगड सोडायचे. एकेक दगड जवळजवळ २० किलोचा. दगड हातातून सुटला की साथीदार त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावतात. त्यामुळे तो अधिक लांब व सरळ जातो. वर्तुळाच्या मध्याशी ज्यांचा दगड सर्वांत जवळ, त्यांना गुण. ऑलिंपिकच्या दगडांचा ग्रॅनाइट येतो तो स्कॉटलंडच्या एअरशर किनाऱ्यासमोरील एल्सा क्रेग या बेटावरून. ऱ्होनाही त्याच एअरशरची.

२००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिचा ब्रिटिश संघ पाच सामने जिंकून चार हरला होता. जवळजवळ बाहेरच पडला होता. बरोबरी फोडण्याचे दोन सामने जिंकून तो कसाबसा उपांत्य फेरीत आला आणि तिथे त्याने कॅनडाला हरवले. अंतिम सामना स्वित्झर्लंडशी. गुण ३-३, आणि शेवटचा दगड ऱ्होनाच्या हाती. दोन मुलांची ही पस्तीस वर्षांची आई. वृत्तपत्रे तिला 'गृहिणी' म्हणत. तिने तो दगड अचूक टाकला. १९८४ नंतर हिवाळी ऑलिंपिकमधले ब्रिटनचे ते पहिलेच सुवर्णपदक. मायदेशी मध्यरात्र उलटली होती, तरी लाखो लोक दूरदर्शन संचासमोर जागे होते.

आपण गोष्ट इथेच संपवतो. मला मात्र ती इथून पुढे महत्त्वाची वाटते.

पुढे ऱ्होना प्रशिक्षक झाली. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये ईव्ह म्यूरहेडच्या तरुण संघाबरोबर ती होती. या खेळात प्रशिक्षकाला बर्फापासून दूर, नेमून दिलेल्या जागी बसावे लागते. मधली विश्रांती आणि मिनिटाचा टाइम-आउट सोडला, तर खेळाडूंशी बोलता येत नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा समोर स्वित्झर्लंडच होते, निकाल पुन्हा शेवटच्या दगडावरच ठरणार होता. पण या वेळी दगड तेवीस वर्षांच्या ईव्हच्या हाती होता. जिच्या हाताने बारा वर्षांपूर्वी असाच दगड टाकला होता, तिने आता हात बांधून पाहायचे! ईव्हने तो टाकला. ब्रिटन ६-५ ने जिंकले.

ऑलिंपिकमध्ये पदके खेळाडूंना मिळतात, प्रशिक्षकांना नाही. योगायोग असा, की त्याच २०१४ साली ऱ्होनाचे सुवर्णपदक डम्फ्रीसच्या संग्रहालयातून चोरीला गेले. स्वतःचे पदक गेले, शिष्यांचे तिच्या गळ्यात येणारच नव्हते. आणि ईव्हने २०२२ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकले, तेव्हा मार्गदर्शक दुसरेच होते. शिक्षकाला बहुधा अर्ध्या वाटेवरच निरोप घ्यावा लागतो.

'ज्याला करता येत नाही तो शिकवतो', असे आपण सहज बोलून जातो. ऱ्होनाला करता येत होते. म्हणूनच मला वाटते, की शिकवणे हे करण्याच्या खालची पायरी नव्हे. ते वेगळेच आणि अधिक अवघड काम आहे. चांगला खेळाडू चांगला शिक्षक होतोच असे नाही, हे मान्य. हाताला कळलेले शब्दांत उतरवता येईलच असे नाही. पण ते उतरवूनही ऐन वेळी गप्प बसणे आणि चूक करण्याचा अधिकारसुद्धा शिष्याला देणे, याला फार मोठे मन लागते. ज्यांना स्वतःच्या हातावर विश्वास असतो, त्यांना तर ते अधिकच जड जात असले पाहिजे.

हे लिहिण्याचे कारण आपल्याच कॉलेजात आहे. 'पुढे काय?' असे विचारले की आपल्यापैकी अर्धेअधिक जण म्हणतात, 'काही जमले नाही तर बी.एड. आहेच.' स्टाफरूमसमोरून जाताना हे वाक्य आपण किती मोठ्याने बोलतो, याचाही विचार करावा. आत बसलेल्यांपैकी कितीजणांनी आपला दगड आपल्या हाती दिला आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

पुढल्या वर्षी बी.एड.च्या अर्जांत माझाही अर्ज असेल. मी तो नाइलाजाने भरलेला नसेल, एवढे आज इथे लिहून ठेवतो.