फडावर पोचेल तेच आरोग्यशिक्षण!

ऊस उत्पादक सभासद, कारखान्यांचे संचालक, ग्रामसभा, शिक्षक, आशाताई आणि टोळीतल्या प्रत्येक आई-बापाला जाहीर आवाहन



दसरा झाला की बीड जिल्ह्यातली, शेजारच्या पाथर्डी-जामखेडची गावंच्या गावं रिकामी होतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेच्या हजेरीपटावरची नावं. पोरी पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर, कोपीत.

किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचे सरकारी कार्यक्रम मात्र गावातच थांबतात. २०१४ पासून दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायची असते. वर्षातून दोनदा जंताची गोळी, त्यातली एक १० फेब्रुवारीला. फेब्रुवारीत आपली पोर कुठे असते? सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या फडावर, नाहीतर थेट कर्नाटकात. गावच्या यादीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’, तळावरच्या यादीत तिचं नावच नाही. गोळीही शिल्लक, पोरही तशीच. अहवाल मात्र पूर्ण!

तिचा दिवस कसा जातो ते बघा. आई-बाप पहाटे तीनला कोयता घेऊन बाहेर पडतात. तेरा-चौदा वर्षांची पोर कोपीत उठते, चूल पेटवते, लहान भावंडाला कडेवर घेऊन पाणी आणायला जाते. संडास नाही, मोरी नाही. पाळी आली की कापड बदलायला आडोसा उसाचा, तोही तुटत तुटत लांब जाणारा. धुतलेलं कापड उन्हात टाकायची लाज, म्हणून ते पाचटाखाली दडपून ओलसरच वाळतं आणि पुन्हा वापरात येतं. या पोरीला ऑगस्टमध्ये शाळेत ‘स्वच्छता राखा’ असं सांगून फ्लेक्ससमोर तिचा फोटो काढला होता. स्वच्छता राखायला पाणी लागतं, साहेब!

याचा शेवट कुठे होतो, ते महाराष्ट्रानं २०१९ साली पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पस्तिशीही न गाठलेल्या कितीतरी. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात गेली. ‘पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल’ हे ऐकून घाबरली, आणि फडावर खाडा नको म्हणून टेबलावर चढली. एक दिवस कामाला न जाणं म्हणजे मुकादमाकडून दंड. दर महिन्याला पाळीचे खाडे कुठून भरायचे? पुढे खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. बरं झालं. पण त्यामुळे फार तर चाकू थांबतो. जंतुसंसर्ग थांबत नाही, आणि तो सुरू होतो त्या पाचटाखालच्या कापडापासून, कोवळ्या वयातल्या लग्नापासून आणि लागोपाठच्या बाळंतपणांपासून.

लग्नाचंही स्पष्ट बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हाच आकडा ४३.७ टक्के. आई-बापांना कायदा ठाऊक नाही म्हणून का? अठरा आणि एकवीस हे आकडे पोरंसुद्धा सांगतात. वयात आलेली पोर कोपीत एकटी ठेवून फडावर जायची छाती होत नाही. शिवाय लग्न झालं की नवरा-बायको मिळून एक नवा कोयता उभा राहतो, त्यावर नवी उचल मिळते. ही भीती आणि हा हिशेब तसाच ठेवून गावात बालविवाहविरोधी फेरी काढली, तर फेरी पुढे जाते आणि मांडव मागे उभा राहतो.

कुणी म्हणेल, अडाणी माणसांना शिकवणार काय? त्यानं जामखेडला जाऊन यावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. गावागावातल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्याच बायका बाळंतपण, जुलाब, कुपोषण सांभाळायला शिकल्या आणि जग ते बघायला आलं. तीच माती, तोच दुष्काळ. तिथे जमलं ते टोळीत का जमू नये?

आणि कुणी म्हणेल, असल्या गोष्टी सांगितल्या की पोरी बिघडतात. हे पालुपद जुनं आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हाही हेच ऐकवलं गेलं. २००७ साली शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर याच राज्यानं बंदी घातली, तीही याच धाकानं. आम्ही विचारतो, न सांगितल्यानं कोणती पोर वाचली? सोळाव्या वर्षी बाळंत होणारीला पाळी म्हणजे काय, दिवस कसे राहतात, नकार कसा द्यायचा, हे कुणी सांगितलं होतं? आणि तिच्या एकोणीस वर्षांच्या नवऱ्याला? आरोग्याच्या वर्गातून मुलांना बाहेर खेळायला पाठवणं आधी बंद करा. निम्मा धडा त्यांचाच आहे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक टोळीत एक प्रशिक्षित आरोग्यसखी हवी, टोळीतलीच बाई. तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, ओआरएस, पॅड, मलमपट्टी. या कामाचा मोबदला तिला रोख मिळावा.

२. गाव सोडताना प्रत्येक मुलामुलीला आरोग्यकार्ड द्यावं आणि तळावरच्या आरोग्य केंद्रानं ते आपलं मानावं. शिक्षणासाठी हमी कार्ड निघू शकतं, तर आरोग्यासाठी का नाही?

३. कारखान्यानं तळावर पाणी, संडास, न्हाणीघर आणि मुलींसाठी कुलूप लागणारी खोली द्यावी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे पैसे कापले जातात. त्यातला किती पैसा तळावर उतरला, हे फलकावर लिहावं.

४. गाळप हंगामात आरोग्यपथकानं आठवड्यातून एकदा संध्याकाळी तळावर यावं. सकाळी अकराला कोपीत कुणी नसतं.

५. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा कापणं बंद.

६. मुलामुलींना गावात ठेवायचं तर सुरक्षित हंगामी वसतिगृह हवं. पोरीची काळजी मिटल्याशिवाय तिचं लग्न थांबणार नाही.

ऊस उत्पादक सभासदांनो, तुमच्या उसाला तोड मिळते ती या माणसांमुळे. वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर तळावरच्या संडासांचीही संख्या विचारा. शिक्षकांनो, आशाताई, तुम्ही पायपीट करता हे आम्हाला ठाऊक आहे. आमचं भांडण तुमच्याशी नाही, तुमच्या हातात नुसता फ्लेक्स देणाऱ्या कारभाराशी आहे.

आणि टोळीतल्या आई-बापांनो, उचल हातात पडली की आपलं तोंड बंद होतं. म्हणून बोलायचं ते त्याआधी. तोडणीदराचा करार एकजुटीनं होतो, दरवाढही एकजुटीनंच मिळते. पुढच्या करारात दराच्या शेजारी पाणी, संडास, आरोग्यसखी आणि खाड्याची माफी लिहून घ्या. मुकादमानं अंगठा मागितला, तर आधी या चार अटी मोठ्यानं वाचायला लावा. वाचल्या नाहीत, तर अंगठा नाही!

आपले,
ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसोबत काम करणारे शिक्षक व कार्यकर्ते

(वाचा, वाचून दाखवा, पुढच्या टोळीला द्या.)